चाराचा पाढा आणि वर दोन

चिअरलीडिंग म्हटलं की आपल्याकडे अजूनही आयपीएलच्या सीमारेषेपाशी पॉम-पॉम हलवणाऱ्या मुली आठवतात. ते चित्र बाजूला ठेवा. ऑल-स्टार चिअरमध्ये कुणाच्या मॅचला पाठिंबा द्यायचा नसतो, संघ स्वतःच स्पर्धेला उतरतो. अडीच मिनिटांत स्टंट (एकीला उचलून वर उभं करणं), पिरॅमिड (असे स्टंट एकमेकांना जोडणं), टंबलिंग (कोलांट्या), उड्या आणि नाच दाखवायचा आणि गुण मिळवायचे. या खेळाच्या जागतिक संघटनेला, इंटरनॅशनल चिअर युनियनला (आयसीयू), आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2016 साली तात्पुरती आणि 2021 साली पूर्ण मान्यता दिली. ऑल-स्टारचे नियम अमेरिकेत यूएसएएसएफ ही संघटना ठरवते, बाहेरच्या देशांत आयएएसएफ.

बडोद्यात असा संघ उभा करू पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मुली किती लागतील? माझ्या मते सुरुवात इथून करूच नये. आपल्याकडे धड बॅकस्पॉट, म्हणजे वर गेलेल्या मुलीला मागून सांभाळणाऱ्या, किती आहेत, हे आधी मोजावं. स्टंटचे तेवढेच ग्रुप बनतील, आणि ग्रुपांच्या संख्येवरून संघाचा आकडा आपोआप निघेल: ग्रुप गुणिले चार, अधिक दोन. दहा, चौदा, अठरा, बावीस. नव्या संघाने दहा किंवा चौदावर थांबावं. पुढे जे लिहितो आहे ते या एका सूत्राची कारणं आणि त्यातल्या अडचणी.

एका ग्रुपमध्ये चौघी असतात. खालून पाय धरणाऱ्या दोघी, मेन बेस आणि साइड बेस, मागची बॅकस्पॉट आणि वर जाणारी फ्लायर. पाचवी, म्हणजे समोर उभी राहणारी फ्रंटस्पॉट, ऐच्छिक. चारचा पाढा इथूनच येतो. सोळा जणींचे बरोबर चार ग्रुप, कुणी उरत नाही, प्रत्येकीला काम. कागदावर हा आकडा इतका नेटका दिसतो की बहुतेक जण तिथेच फसतात. सोळापैकी एक आजारी पडली की तिच्या ग्रुपमधल्या तिघी रिकाम्या होतात. म्हणजे एक गैरहजर, चौघी बाद, आणि संघाचे पाव स्टंट त्या दिवशी होतच नाहीत. सतरावी असेल तर थोडा दिलासा, पण ती एकटी फ्लायरही आणि बॅकही होऊ शकत नाही. म्हणून दोन: एक खालची, जी बॅक आणि साइड बेस दोन्ही करते, आणि एक वरची, जी फ्लायर आहे पण खाली उभी राहून फ्रंट धरू शकते. उरलेल्या दोन जागा अशा हिशोबाने भरल्या तर अठरा जणींचा संघ जवळजवळ कुठल्याही एका गैरहजेरीत चारही ग्रुप उभे करतो.

तिसरी जादा मुलगी मात्र अडचणीची. एकोणीस म्हणजे चार ग्रुप आणि तिघी. तिघींचा ग्रुप होत नाही, आणि स्टंट चालू असताना तिघींना सतत काहीतरी करायला देणं हे नृत्यदिग्दर्शनाचं डोकं खातं. शिवाय स्टँडमध्ये बसलेले तिघींचे आई-बाबा असतातच.

अमेरिकेत लहान आणि मोठा संघ यांची सीमा बरीच वर्षं 20 वर होती आणि कमाल संख्या 36. चाराच्या पाढ्यात बघा: बरोबर पाच ग्रुप, बरोबर नऊ. पुढे हे आकडे 22 आणि 38 झाले, म्हणजे पाच ग्रुप अधिक दोन, नऊ ग्रुप अधिक दोन. किमान संख्या मात्र पाच राहिली. हे गट आणि सीमा हंगामागणिक बदलत असतात, तेव्हा नाव नोंदवण्याआधी त्या वर्षीची नियमावली उघडून बघायचीच.

आता गुणपत्रक. स्टंटच्या गुणांमध्ये अवघडपणा आणि सफाई तर असतेच, पण किती ग्रुपांनी तेच कौशल्य केलं हेही मोजलं जातं. संघाच्या संख्येनुसार अमुक इतके ग्रुप हवेत असा तक्ता असतो, आणि तो पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. एका ग्रुपमधली मुलगी पळत जाऊन दुसऱ्या ग्रुपमध्ये पुन्हा वापरली तर ती मोजणीत धरत नाहीत. म्हणून पायरीच्या अलीकडे थांबायचं की पलीकडे जायचं, हा खरा डावपेच. समजा तक्त्याची पायरी एका मुलीने ओलांडली जाते. त्या एका मुलीमुळे आता आणखी एक ग्रुप दाखवावा लागणार, आणि तो संघातला सगळ्यात कच्चा ग्रुप असणार. तिला घेऊन अवघडपणात काही मिळत नाही, मोजणीत मात्र मागणी वाढते. अशा वेळी तिला पुढच्या हंगामासाठी तयार करावं आणि यादी पायरीच्या आत ठेवावी. प्रशिक्षकांना हे सांगायला जड जातं, पण ऑगस्टमध्ये सांगितलेलं जानेवारीत सांगण्यापेक्षा बरं.

उलट बाजूही आहे. उड्या आणि नाच सगळा संघ एकत्र करतो. दहा जणींच्या उडीत एक हात उशिरा वर गेला तर दिसतो, बावीस जणींत तो थोडा झाकला जातो, पण बावीस जणींत असे उशिरा जाणारे हातही जास्त असतात. मला विचाराल तर उड्यांसाठी लहान संघच बरा.

कच्चा ग्रुप किंमत ठरवतो

सगळ्या ग्रुपांनी एकच कौशल्य करायचं असेल तर वरची मर्यादा सगळ्यात कच्चा ग्रुप घालतो. चारपैकी तीन ग्रुप एका पायावर सहज उभे राहतात आणि चौथा डळमळतो, तर संघाकडे एका पायाचा स्टंट आहे असं म्हणता येत नाही. इथे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, सर्वोत्तम चौघी एकत्र ठेवा, मधोमध उभ्या करा, बाकीच्यांचं बघून घेऊ. दुसरा म्हणतो, ताकद सारखी वाटा. मी दुसऱ्या पंथाचा, पण एका दुरुस्तीसह: सारखं काहीच वाटायचं नाही, फक्त सर्वांत चांगली बॅकस्पॉट सर्वांत कच्च्या बेसच्या जोडीला द्यायची.

याचं कारण बॅकस्पॉट नेमकं काय करते त्यात आहे. लोड घेताना, म्हणजे फ्लायर बेसच्या हातांत पाय ठेवते तेव्हा, तिचे हात फ्लायरच्या कंबरेला असतात. वर जाताना ती बैठकीखालून ढकलते, मग दोन्ही घोटे पकडते आणि वरच्या दिशेला ओढून धरते, म्हणजे वजनाचा काही भाग बेसच्या मनगटांवरून उतरतो. फ्लायर डळमळली की सगळ्यात आधी तिला कळतं, कारण बेसचं तोंड वर पायाकडे असतं आणि बॅकला पूर्ण पाठ दिसत असते. गणती तीच करते, खाली आणायचा निर्णय तीच घेते, आणि पडताना डोकं-खांदे तीच पकडते. दोन साधारण बेस आणि एक तरबेज बॅक असला ग्रुप उभा राहतो. दोन दणकट बेस आणि घाबरट बॅक असला ग्रुप रोज नव्याने पडतो. भरतीच्या दिवशी मात्र सगळ्यांचं लक्ष फ्लायरकडे. बॅक म्हणजे उरलेली उंच मुलगी, असा समज इतका पक्का आहे की चांगल्या बॅकना स्वतःलाही आपण चांगल्या आहोत हे माहीत नसतं.

उंचीचा हिशोब असा. दोन्ही बेसची उंची डोक्याशी मोजू नका. समोरासमोर उभ्या करून हात सरळ वर करायला लावा आणि तळवे कुठे येतात ते बघा. फरक तीन-चार सेंटीमीटरच्या आत हवा. दोन पायांच्या स्टंटमध्ये प्रत्येक बेसकडे एकेक पाय असतो, त्यामुळे तळव्यांत फरक असला की फ्लायरचा एक गुडघा वाकतो आणि ती कंबरेतून तिरकी होते. मग सगळे तिला ओरडतात, "सरळ उभी राहा," आणि ती बिचारी सरळच असते. बॅक दोन्ही बेसपेक्षा पाच ते दहा सेंटीमीटर उंच हवी. नाहीतर हात पूर्ण वर गेल्यावर तिला घोटे मिळत नाहीत, ती चवड्यांवर येते, आणि चवड्यांवर उभी बॅक कुणालाच पकडू शकत नाही.

फ्लायरबद्दल एकच आग्रह: वजनाचा काटा हॉलमध्ये आणू नका. अंग घट्ट आवळून उभी राहणारी पंचेचाळीस किलोची मुलगी अंग सैल सोडणाऱ्या अडतीस किलोच्या मुलीपेक्षा हाताला हलकी लागते, हे कुठल्याही बेसला विचारा. परीक्षा घ्यायची तर तिला जमिनीवर ताठ पाठीवर निजवा, पोट-पाय आवळायला सांगा आणि दोघींनी घोटे धरून उचला. कंबर मोडली नाही तर ती वर जायला तयार आहे. वय लहान, उंची कमी म्हणून फ्लायर, असं ठरवलं तर वर्षभरात ती चार इंच वाढते आणि सगळं गणित नव्याने.

आखाड्यातून आलेली मुलं

बडोद्यात एक मोठी सोय आहे. दांडिया बाजारच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरापासून या गावाला आखाड्याची जुनी परंपरा आहे, आणि मल्लखांब, मनोरे, लेझीम केलेली मुलं-मुली सहज सापडतात. खांद्यावर पाय घेण्याची त्यांना भीती नसते. पकड घट्ट असते, आणि उंचीवर डोकं शांत राहतं.

पण त्यांना एक सवय सोडावी लागते. मनोऱ्यात खालचा थर स्थिर राहतो आणि वरचा त्याच्यावर चढतो. चिअरमध्ये चढायचं नसतं. खालच्या तिघी गुडघ्यात वाकून पायांच्या जोराने वर पाठवतात आणि फ्लायर त्या एका क्षणाला खांदे दाबून स्वतःला हलकं करते. आखाड्यातली बेस खाली घट्ट रोवून उभी राहते आणि फ्लायर नुसत्या दंडांनी उचलायला जाते. दोन आठवड्यांत तिची मनगटं आणि कंबर दुखायला लागते. उपाय कंटाळवाणा आहे: फ्लायरशिवाय, नुसती डिप, म्हणजे गुडघ्यात वाकून पुन्हा वर. आठ मात्रांत दोन डिप, पाठ सरळ, टाच जमिनीला, हात शेवटी. केरव्याच्या आवर्तनात आठच मात्रा असतात, आणि गरब्यात वाढलेल्या मुलींना तो ठेका शिकवावा लागत नाही, तेवढीच इथल्या प्रशिक्षकाची मेहनत वाचते.

आखाड्यातले मुलगे मिळाले तर त्यांना लगेच एकट्याने फ्लायर उचलायला लावायचा मोह होतो. एका बेसचा स्टंट दिसतो भारी, पण त्यात तिघींच्या जागी एक माणूस आणि एक स्पॉटर, म्हणजे पडताना सावरणारा, असतो, चूक पोटात घालायला जागा नसते. पहिल्या वर्षी मुलगा मेन बेसच्या जागी, नेहमीच्या चौघांच्या ग्रुपमध्येच.

प्रेप, पायरीपायरीने

सगळ्याचा पाया प्रेप: फ्लायरचे पाय बेसच्या खांद्याच्या उंचीवर, दोन्ही पायांवर उभी. आठ मात्रांत तो असा बसतो. एक-दोनला फ्लायर बेसच्या खांद्यांवर हात ठेवते, बॅक कंबर धरते. तीनला तिघी आणि फ्लायर एकत्र डिप घेतात. चारला फ्लायर उडी मारून दंड सरळ ठेवत वजन खांद्यांवर घेते आणि पाय बेसच्या हातात येतात, पोटाच्या उंचीवर. एक हात चवड्याखाली, दुसरा टाचेखाली. पाचला पुन्हा डिप, सहाला वर. सात-आठ घट्ट. एक्स्टेन्शन हाच, फक्त बेसचे हात डोक्यावर पूर्ण सरळ. एका पायाच्या स्टंटमध्ये पकड बदलते: मेन बेसकडे चवडा आणि टाच दोन्ही, साइड बेसचा एक हात पावलाच्या मध्याखाली आणि दुसरा मेन बेसच्या मनगटाला किंवा पावलाच्या वर.

पडण्याच्या दिशेवरून चूक शोधता येते. फ्लायर पुढे झुकते आहे, तर बेसचे टाचेखालचे हात चवड्याखालच्या हातांपेक्षा वर गेलेत, किंवा ती खाली बघते आहे. मागे झुकते, तर चवडे उचलले गेलेत. पाय फाकत चाललेत, तर बेस एकमेकींपासून मागे सरकल्यात. याचं मूळ बहुतेक वेळा भीती असते, कारण बेसचं शरीर नकळत लांब पळतं. जमिनीवर टेपचे दोन तुकडे लावून बेसचे पाय तिथेच ठेवायला लावा, आठवड्यात फरक दिसेल. सगळ्यात धोक्याचं पडणं पुढचं, कारण पुढे कुणी नसतं. म्हणून वजनाचा कल नेहमी किंचित बॅककडे ठेवायचा, आणि नवं कौशल्य शिकताना फ्रंटस्पॉट उभी करायची. पण फ्रंट काढायची तारीख त्याच दिवशी वहीत लिहा. नाहीतर ती कायमची होते, आणि स्पर्धेत एक माणूस फक्त परीक्षकांची नजर अडवत उभा राहतो.

क्रेडल, म्हणजे वरून सोडून झेलणं, हे स्वतंत्र शिकवायचं. अनेक बेसच्या स्टंटमधून झेलताना दोन झेलणाऱ्या आणि एक वेगळी स्पॉटर लागते, हा नियमच आहे. झेल छातीच्या उंचीवर घ्यायचा, हात वर नेऊन, मग गुडघ्यात वाकून. मांडीच्या उंचीवर झेलणारे ग्रुप फ्लायरची पाठ दुखावतात. दुसरी नेहमीची चूक फ्लायरची: सोडल्या सोडल्या बसते. वर जाणं पूर्ण होईपर्यंत ताठ राहायचं, उतार सुरू झाला की पाय पुढे.

कुठल्या लेव्हलला, म्हणजे स्पर्धेतल्या अवघडपणाच्या टप्प्याला, काय चालतं, थोडक्यात: लेव्हल 1 मध्ये दोन पायांवर प्रेपपर्यंत, एका पायावर कंबरेच्या उंचीपर्यंत. लेव्हल 2 मध्ये दोन पायांवर एक्स्टेन्शन आणि एका पायावर प्रेप. एका पायावर एक्स्टेन्शन लेव्हल 3 पासून. पिरॅमिडमध्ये शेजारची फ्लायर हाताने धरून ठेवत असेल तर एकेक पायरी वर जाता येतं, म्हणजे लेव्हल 1 ला दोन पायांवरचं एक्स्टेन्शन आणि लेव्हल 2 ला एका पायावरचं. म्हणून कच्च्या संघाचं पिरॅमिड त्याच्या स्टंटपेक्षा भारी दिसू शकतं, आणि तिथे वेळ घालवण्यात शहाणपण आहे.

धरणारी फ्लायर, ब्रेसर, प्रेपवर असते. तिचे पाय साधारण 130 सेंटीमीटरवर, म्हणजे खांदा अडीच मीटरच्या आसपास. एक्स्टेन्शनवरच्या मुलीचे पाय दोन मीटरवर, कंबर तीन मीटरच्या जरा अलीकडे. म्हणजे ब्रेसरचा हात तिच्या स्वतःच्या खांद्याच्या बराच वर जाणार आणि मधलीचा हात खाली येणार. हा हात खांबासारखा ताठ हवा. मधलीने त्यावर टेकायचं, ओढायचं नाही. ब्रेसर निवडताना लवचीकपणा बघू नका, खांदा बघा. तीन किंवा पाच ग्रुप असतील तर पिरॅमिडला मध्य मिळतो. चार ग्रुपांना मध्य नसतो, दोन उंच आतल्या बाजूला आणि दोन ब्रेसर बाहेर अशी रचना सोपी पडते, आणि आपल्या दोन जादा मुली तिथे मधल्या मोकळ्या जागेत खालून आधार द्यायला कामी येतात.

हॉल, पंखे आणि पंचांग

स्पर्धेचा मंच 54 फूट रुंद आणि 42 फूट खोल असतो, सहा फुटांच्या नऊ पट्ट्या शेजारी शेजारी. या पट्ट्या म्हणजे जागा ठरवायची मोजपट्टीच. चार ग्रुप दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या पट्टीवर, पाच ग्रुप विषम पट्ट्यांवर. दोन ग्रुपांच्या मध्यांत बारा फूट राहतात, आणि बॅक सकट एखादा ग्रुप पडला तरी शेजारच्यावर जात नाही. सहाव्या ग्रुपापासून दोन रांगा कराव्याच लागतात आणि मागची रांग पुढच्या ग्रुपांमधल्या मोकळ्या जागेतून दिसायला हवी. शाळेच्या हॉलमध्ये एवढी जागा मिळणार नाही. तेव्हा अंतरं आक्रसून सगळा संघ कोंबायचा नाही. खऱ्या अंतराच्या पाच पट्ट्या टेपने आखा आणि अर्धा संघ आळीपाळीने घ्या. आक्रसलेल्या जागेत बसवलेली रचना खऱ्या मंचावर गेली की प्रत्येक जण दोन पावलं चुकतो.

जमिनीपेक्षा छत महत्त्वाचं. 160 सेंटीमीटरच्या बेसचे तळवे दोन मीटरवर जातात. त्यावर दीड मीटरची फ्लायर हात वर करून उभी राहिली की बोटं चार मीटरच्या जवळ, म्हणजे जवळजवळ तेरा फूट. आपल्या शाळांच्या हॉलचं छत चौदा फुटांवर असलं तरी पंखा दांडीवरून दोन फूट खाली लोंबतो. एक्स्टेन्शन शिकवायच्या आधी पंखे मोजा, बंद करा असं नाही, मोजा. बंद पंख्याचं पातंसुद्धा बोटं फोडतं. टॉस, म्हणजे फ्लायरला हवेत उंच फेकून झेलणं, तर अशा हॉलमध्ये नकोच. आणि पावसाळ्यात फोमच्या मॅट खालून ओल धरतात, सांधे सुटतात, बेसचा पाय बरोबर त्या फटीत जातो. सरावाआधी कडा दाबून बघायला एक मिनिट लागतं.

संगीताला मिनिटाला 144 मात्रांचा ताल धरला तर अडीच मिनिटांत 360 मात्रा, म्हणजे आठाची 45 आवर्तनं. नवख्या संघाला हे खूप वाटतं आणि मग स्टंटला सोळा आवर्तनं देऊन बसतात. बेसचे दंड तेवढे टिकत नाहीत. स्टंटला नऊ-दहा, पिरॅमिडला तेवढीच, आणि दोघांच्या मध्ये टंबलिंग किंवा उड्या, म्हणजे हातांना विश्रांती. पिरॅमिड शेवटाकडे ठेवणारे संघ सरावात ते पहिलं करून बघतात, ताज्या हातांनी, आणि स्पर्धेत ते का पडलं म्हणून चकित होतात.

आता पंचांग, कारण अधिक दोन हा आकडा शेवटी तिथूनच येतो. बडोद्यातल्या मराठी घरांत गणपतीचे दहा दिवस सराव अर्धाच. लगेच पितृपंधरवड्यात थोडी हजेरी सुधारते तोच नवरात्र: नऊ रात्री गरबा, सकाळी पोटऱ्या दगड. त्या नऊ दिवसांत उड्या आणि टॉस घेऊ नयेत, दमलेल्या पायांवर झेल चुकतात. मग दिवाळीची सुट्टी, गावाला जाणं. 14 आणि 15 जानेवारीला उत्तरायणात सगळं गाव गच्चीवर, आणि बेसच्या बोटांना मांज्याचे काप. मार्चमध्ये बोर्ड. दहावी-बारावीच्या मुली डिसेंबरपासूनच कमी होत जातात. म्हणून प्रत्येक ग्रुपमध्ये बोर्डाच्या वर्षाची एकच मुलगी, हा नियम ऑगस्टमध्येच लावावा. दोन बेस आणि बॅक तिघी दहावीतल्या, असा ग्रुप जानेवारीत नसतोच.

जादा दोघी खरोखर कामाच्या व्हाव्यात म्हणून एक कागद करा. उभ्या ओळीत नावं, आडव्या ओळीत चार जागा. जी मुलगी जी जागा स्पर्धेच्या दर्जाने करते तिथे भरीव खूण, सरावापुरती करते तिथे पोकळ. प्रत्येक जागेखाली ग्रुपांच्या संख्येपेक्षा एक भरीव खूण जास्त हवी. चार ग्रुपांना पाच मेन बेस, पाच साइड, पाच बॅक, पाच फ्लायर. हे अठरा जणींत बसतं, कारण साइड बेस आणि बॅक बऱ्याच जणी दोन्ही करू शकतात. बॅकचा रकाना जवळजवळ नेहमी रिकामा सापडतो. तिथपासून शिकवायला लागा.

मग आठवड्यातून एकदा चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल ती खाली बसेल, आणि बाकीच्यांनी दोन मिनिटांत फेररचना करून पूर्ण स्टंट करायचा, एक पायरी सोप्या रूपात. एका पायाच्या जागी दोन पाय, एक्स्टेन्शनच्या जागी प्रेप. हे सोपं रूप आधीच बसवलेलं असावं, त्याच मात्रांवर, त्याच जागेवर. बदली फ्लायरने कमीत कमी दोन ग्रुपांबरोबर नियमित सराव केलेला हवा. अनोळखी हातांवर उभी फ्लायर पहिल्या डिपलाच सैल पडते.

स्पर्धेच्या सकाळी आधी हात-कान तपासा: कानातलं, चमकी, पैंजण, अंगठी, देवळातला दोरा, सगळं उतरवायचं. दागिना कुठलाच चालत नाही. नखं कापलेली, च्युइंग गम नाही. सरावाच्या मंचावर मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांत सगळा कार्यक्रम धावत करून बघू नका. कच्च्या ग्रुपचा स्टंट दोनदा, पिरॅमिड एकदा, मोठ्या झेलाचा एकच प्रयत्न. कच्चा ग्रुप दोन्ही वेळा पडला तर सोपं रूप, आणि ते चारही ग्रुपांनी. निर्णय प्रशिक्षकाने एकट्याने घ्यायचा आणि चारही बॅकना सांगायचा. फ्लायरना त्या सांगतील.